गडग्यावरचं न्यूझीलंड

नानांना न्यूझीलंडच्या विमानतळावर अडवून ठेवलं, ही बातमी आमच्या पाखाडीत नाना परत यायच्या आधीच येऊन पोचली होती. कुणी म्हणालं, पिशवीत गोळ्या सापडल्या. कुणी म्हणालं, तंबाखू. खालच्या घरच्या नलूआत्यांनी तर दंडाचा आकडाही ठोकून दिला, रोख वीस हजार! त्यामुळे सुमनवहिनी संध्याकाळी परसात कपडे काढायला आलेल्या दिसल्या, तशी मी हातातला विळा ठेवला आणि सरळ गडगा गाठला. आमच्या दोन परसांमधला हा गडगा जेमतेम कंबरेएवढा आहे. मधले दोन-तीन चिरे ढासळलेत, तिथे कोपर टेकायला झकास जागा झालीय.

"विचारा एकदाचं, मालूताई," वहिनीच म्हणाल्या. "दुपारपासून तिघीजणी विचारून गेल्या."

"मी बाई कशाला विचारू? ऐन आंब्याच्या दिवसांत बाग कराराने देऊन गेलात, तेव्हा तरी विचारलं का काही?"

"बरं, मीच सांगते. नानांना नाही अडवलं. नानांच्या बुटांना अडवलं."

"बुटांना?"

"बागेत घालतात ते, जाड तळव्याचे. तिकडे डोंगरात चालायचंय म्हणून तेच नेले. आमच्या सुनेने, मुग्धाने, निघताना दहादा बजावलं होतं, बूट घासून घ्या. यांनी वरून फडकं मारलं. खाली तळव्याच्या खाचांत आपली तांबडी माती तशीच. क्राइस्टचर्चला उतरलो, तर आधी सगळं लिहून द्यायचं असतं. खायचं काय आणलंय, बी-बियाणं आहे का, शेतात गेला होतात का, चिखलाचे बूट आहेत का. मुग्धाने प्रामाणिकपणे सगळीकडे 'होय' लिहिलं. तिथल्या बाईने बूट उलटे केले, खाचेत नख घातलं, नखाला तांबडं लागलं. गेली की बूट घेऊन आत!"

"आणि नाना?"

"नाना मोज्यांवर उभे. मागे रांगेत दोनशे माणसं. पंधरा-वीस मिनिटांनी ती बाई बूट घेऊन आली, ते धुऊन, पुसून, वर हसून. दंड-बिंड काही नाही. दंड लपवणाऱ्याला असतो, चारशे डॉलर."

चारशे डॉलर म्हणजे वीस हजारांच्या घरात. म्हणजे नलूआत्यांचा आकडा अगदीच हवेतला नव्हता, बातमी तेवढी उलटी होती.

"पण एवढं काय आहे मातीत?"

"हेच मी विचारलं. तर नानाच मला समजवायला लागले. चारी बाजूंनी समुद्र असलेला देश, सगळी भिस्त दूधदुभतं, मेंढ्या आणि फळबागांवर. मातीतून एखादी कीड नाहीतर बुरशी आत शिरली की झालंच. सामान हुंगायला कुत्री ठेवलीत तिथे. विमानात दिलेलं सफरचंद पर्समध्ये चुकून राहिलं, तरी दंड होतो माणसाला. नाना म्हणाले, तुडतुड्यापायी मी दरसाल किती फवारण्या करतो ते मला विचारा. त्यांचं बरोबर आहे."

"मग खायला काय नेलंत? हापूस?"

"नाव काढू नका! ताजं फळ नाही, मध नाही, दुधाचं काही नाही. मे महिन्यात घर सोडून गेलो आणि आंब्याची फोड दिसली नाही. मेथकूट नेलं होतं. त्या बाईने डबा उघडून वास घेतला, पुन्हा घेतला आणि झाकण लावून परत दिला."

मेथकूट पास झालं, हे ऐकून मला बरं वाटलं. पण माझा खरा प्रश्न वेगळाच होता. माझा भाचा कामासाठी सारखा सिंगापूरला जातो. वहिनी निघाल्या तेव्हा मी त्याचा सल्ला खास विचारून त्यांना सांगितला होता, की तिकडे पोचल्यावर रोज सकाळी उठून कोवळं ऊन घ्यायचं, म्हणजे झोपेचं चक्र जागेवर येतं.

"ऊन घेतलंत ना सकाळचं?"

वहिनींनी हातातला टॉवेल गडग्यावर ठेवला. "तेच तर करायचं नव्हतं, मालूताई."

"का? माझ्या भाच्याचं ऊन वेगळं आणि तुमचं वेगळं?"

"घड्याळ वेगळं. ऐका आता. सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे. आम्ही गेलो ते न्यूझीलंड साडेसहा तास पुढे. आणि मुग्धा म्हणते, आपल्या शरीरात पहाटे चार-साडेचारच्या सुमाराला एक उंबरठा असतो. तेव्हा अंग सगळ्यांत थंड असतं. त्या वेळेनंतर डोळ्यांवर उजेड पडला, तर आतलं घड्याळ पुढे सरकतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी लवकर झोप येते, लवकर जाग येते. त्याच्या आधी पडला, तर मागे सरकतं."

"बरं मग?"

"मग तुमच्या भाच्याचे पहाटेचे चार म्हणजे सिंगापूरचे साडेसहा. तिथे सूर्य उगवतो सातला. त्याला सकाळचं ऊन अगदी योग्य. आमचे पहाटेचे चार म्हणजे तिकडचे साडेदहा! आठ वाजता उन्हात जाऊन बसलो असतो, तर आमच्या शरीराला ती मध्यरात्र. घड्याळ पुढे जायचं सोडून मागे गेलं असतं. म्हणून पहिल्या दिवशी साडेदहा-अकरापर्यंत पडदे लावून आत, बाहेर जायचंच असेल तर काळा चष्मा. अकरानंतर मात्र सगळे बाहेर, दुपारभर उजेडात. दुसऱ्या दिवशी तास-दीड तास अलीकडे. असं करत करत सकाळपर्यंत यायचं."

मुग्धा पुण्याला औषधनिर्माणशास्त्राच्या कॉलेजात शिकवते, तेव्हा तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. तरी मी म्हटलं, "आणि हे घड्याळ असतं तरी कुठे?"

"मेंदूत. डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडून जातात ना, त्याच्या जरा वर. इवलीशी जागा, वीस हजारांच्या आसपास पेशी. डोळ्यांतून उजेड थेट तिथे कळतो. हे घड्याळ आतून कसं चालतं, ते शोधलं त्या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ सालचं नोबेल मिळालं. आणि शोधलं कशावर, सांगा? चिलटांवर!"

"कसल्या चिलटांवर?"

"पिकल्या फळावर घोंगावतात ना, त्याच."

आमच्या पडवीत आढीच्या आंब्यांवर या दिवसांत इतकी चिलटं असतात, की जेवताना एका हाताने ताट आणि दुसऱ्याने हवा सांभाळावी लागते. तिथे नोबेलचा ऐवज घोंगावतोय, हे कुणी कधी बोललं नव्हतं.

"मग एवढं शास्त्र पाळल्यावर झोप लागली असेल गाढ."

"कुठली! मेंदूचं घड्याळ हलतं उजेडाने. पोटाचं, यकृताचं वेगळं असतं, ते हलतं जेवणाच्या वेळांनी. बिऱ्हाड हलवताना सामान एका फेरीत जातं का? पहिल्या टेम्पोत देव आणि गादी जाते, पाटा-वरवंटा मागाहून. तसं आहे ते. रात्री अडीचला नाना उठून बसले, म्हणे भूक लागलीय. अडीच म्हणजे आपले रात्रीचे आठ, पान वाढायची वेळ! आणि दुपारी एकला टेबलावर एवढं मांडलं, तर पोटात चहाशिवाय काही जाईना. आपले सकाळचे साडेसहा ना ते."

"आणि त्यांच्या साखरेच्या गोळ्या?"

"त्याची मला खरी धास्ती होती. जायच्या आधी इथल्या डॉक्टरांकडे तिकिटं घेऊन गेलो. विमान कधी सुटतं, सिंगापूरपर्यंत साडेपाच तास, पुढे दहा तास, जेवण कधी मिळेल, सगळं सांगितलं. त्यांनी दोन रकान्यांचा कागद करून दिला. एका बाजूला आपली वेळ, दुसऱ्या बाजूला तिकडची, समोर गोळी. आपल्या मनाने एकही मागेपुढे करायची नाही, म्हणाले. तो कागद मी कमरेच्या पिशवीत ठेवला होता. पासपोर्ट मुलाकडे, कागद माझ्याकडे."

"आणि पोरं?"

"पोरांची काय मजा सांगू! मोठा आठ वर्षांचा, तो बापाबरोबर बसल्या जागी झोपायचा. धाकटी इरा चार वर्षांची. पहिल्या रात्री दीड वाजता टक्क डोळे उघडून म्हणते, आजी, पार्कात जाऊ या! तिचे ते संध्याकाळचे सात. मुग्धाने मोबाइल दिला नाही की मोठा दिवा लावला नाही. डोळ्यांवर उजेड पडला असता तर सगळंच मुसळ केरात. अंधारात तिच्याशेजारी पडून गोष्टी सांगायच्या. माझ्याकडच्या गोष्टी संपल्या, तेव्हा पाखाडीतल्या एकेकाच्या सांगितल्या."

"माझी सांगितलीत?"

"दोन वेळा. तिला आवडली."

कुठली सांगितली ते मी विचारलं नाही. विचारायचं राहिलं असं नाही, तेवढ्यात त्यांनी मुलाचा विषय काढला. मुलाने सगळा बेत कॉम्प्युटरवर आखला होता. उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला क्राइस्टचर्चहून भाड्याची गाडी घेऊन टेकापोच्या तळ्याकडे निघायचं. सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. गाड्या तिथेही आपल्यासारख्या डाव्या बाजूने चालतात, म्हणून त्याला वाटलं सोपं आहे.

"मुग्धाने कागदावर सरळ काट मारली," वहिनी म्हणाल्या. "सकाळचे आठ म्हणजे तुझ्या शरीराचे रात्रीचे दीड, म्हणाली. रात्री दीडला तू मुंबई-गोवा रस्त्यावर आईला आणि पोरांना घेऊन गाडी काढशील का? मग गप्प बसला. दुपारच्या बसने गेलो. आणि तिथे त्याने शेवटच्या दिवसांत टाकलं होतं, ते तिने पहिल्यांदा घेतलं."

"काय?"

"तारे."

टेकापोचं तळं दिवसा कसं दिसतं, ते वहिनींनी दोन वाक्यांत उरकलं. हिमनदी खडक दळत येते, त्याचं पीठ पाण्यात तरंगतं, म्हणून पाणी दुधी निळं दिसतं. काठावर छोटं दगडी चर्च, १९३५ सालचं, बाहेर फोटो काढणाऱ्यांची गर्दी. पण रात्रीचं सांगायला लागल्या, तशा गडग्यावर रेलल्या.

"तो सगळा मुलूख त्यांनी काळोखासाठी राखून ठेवलाय, मालूताई. २०१२ साली तशी रीतसर मान्यता मिळाली. रस्त्यावरच्या दिव्यांनासुद्धा वरून झाकणं. उजेड खाली पडेल, वर जाणार नाही."

"आपल्याकडे वीज गेली की होतं ते."

"आपल्याकडे वीज गेली की तुम्ही इन्व्हर्टर लावता. ऐका तर. रात्री साडेदहाला तळ्याकाठी गेलो. पारा शून्याखाली, अंगावर सगळे स्वेटर. आजूबाजूची माणसं जांभया देतायत, त्यांची पोरं कडेवर झोपलेली. आणि आमची वरात एकदम टवटवीत! साडेदहा म्हणजे आपले दुपारचे चार, चहाची वेळ. थर्मासमधून चहा नेला होता, साखर नानांना वगळून. इरा काठच्या गोट्यांवर लंगडी घालत होती. मुग्धा म्हणाली, शरीराला जी वेळ वाटतेय, त्या वेळेचं काम त्याला द्या. पहाटे उठायची सगळी कामं मागून."

"दिसलं काय पण?"

"इथे आपल्या भाट्याच्या किनाऱ्यावरून त्रिशंकू कसा पाण्यावर टेकलेला दिसतो? तिथे मान पार मागे टाकावी लागते. वृश्चिक पूर्वेला एवढा वर चढलेला. तिथल्या माओरी लोकांना त्या वृश्चिकाच्या शेपटीत मासे पकडायचा गळ दिसतो. माउई नावाचा त्यांचा पराक्रमी पूर्वज, त्याचा गळ. त्याने त्या गळाने त्यांचं उत्तरेकडचं अख्खं बेट समुद्रातून ओढून काढलं."

"परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला, यांनी गळ टाकला."

"नाना हेच म्हणाले! आणि दक्षिणेला आकाशात दोन पांढुरके डाग. मला वाटलं, ढग आहेत. मुलगा म्हणाला, त्या दोन वेगळ्या आकाशगंगा आहेत, तिथून त्या कधी मावळतच नाहीत. नाना बराच वेळ त्रिशंकूकडे बघत होते. मग म्हणतात, सुमन, त्याला वर जागा नाही, खाली जागा नाही. आपलं तेच झालंय, पोट रत्नागिरीत आणि बूट टेकापोत."

पुढचं मग भराभरा झालं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून पोरं नऊला झोपायला लागली, नाना सातला उठायला लागले आणि मुलाला गाडी चालवायची परवानगी मिळाली. पूर्वेकडे जाताना साधारण एका तासाच्या फरकाला एक दिवस लागतो म्हणे, तेव्हा यांचं गणित जरा लवकरच बसलं. सूर्य तिकडे दुपारी उत्तरेला खालून जातो आणि उजवीकडून डावीकडे सरकतो, त्यामुळे नानांना दिशा शेवटपर्यंत कळल्या नाहीत. रोज संध्या करताना सुनेच्या मोबाइलमधलं होकायंत्र मागायचे. मग विमानाने वरच्या बेटावर रोटोरुआला. तिथे जमिनीतून वाफा निघतात, गावभर गंधकाचा वास. पोहुटू नावाचा उकळत्या पाण्याचा फवारा, तो तीस-तीस मीटर उंच उडतो.

"वास कसा असतो?"

"आपल्या उन्हवऱ्याच्या कुंडाशी येतो ना, तोच. पण शंभरपट. इरा नाक धरून म्हणाली, कुणी अंडं फोडलं? आणि नाना तिकीट बघून म्हणाले, उन्हवऱ्याला फुकट असतं."

इथवर सूर्य माडांच्या शेंड्यांखाली गेला होता. मला कुकर लावायचा होता, पण पाखाडीच्या वतीने एक चौकशी अजून बाकी होती.

"वहिनी, रागावू नका. काल रात्री मी पाणी प्यायला उठले, तर तुमच्या स्वयंपाकघरात दिवा. घड्याळात बघितलं, तीन. भांड्यांचा आवाज. नानांना बरं नाही का?"

"नाना घोरत होते. मी होते. फडताळातले सगळे डबे काढून घासले. तीनला डोळे उघडले की मिटतच नाहीत. आपले तीन म्हणजे तिकडचे साडेनऊ. आणि आता सहाला बघा, डोळ्यांवर झापड यायला लागते, तिकडे मध्यरात्र उलटलेली."

"मग जाऊन पडा ना थोड्या."

"तेच करायचं नाही! परत येताना सगळं उलटं. आता घड्याळ मागे ओढायचं. मघाशी सांगितलं तो थंडीचा उंबरठा सध्या माझा रात्री दहाच्या आसपास येतो. त्याच्या आधीचा उजेड घड्याळ मागे ओढतो, म्हणून संध्याकाळी जेवढं जमेल तेवढं बाहेर, उजेडात, उभं राहायचं. बसले की डुलकी लागते. आणि पहाटे तीनला जाग आली, तर मोठा दिवा लावायचा नाही. काल लावला, मुग्धा फोनवर ओरडली."

"म्हणजे गेला तासभर माझ्याशी बोलत होतात, ते औषध म्हणून?"

"औषध उजेड, मालूताई. तुम्ही अनुपान."

मी हे कौतुक समजून घेतलं. वहिनींनी टॉवेल खांद्यावर टाकला. "तसं पश्चिमेकडे येणं सोपं असतं. बहुतेकांचं आतलं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांबच असतं, त्याला दिवस ताणायला आवडतो. रोज तास-दीड तास सरकतंय. उद्या चारला जाग येईल, परवा साडेपाचला, मग झालंच."

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, तोही अगदी योग्य वेळी. मिरग चार दिवसांवर आलेला. माझे पोह्याचे पापड अजून व्हायचेत. यंदा आंब्याच्या गडबडीत हात फिरलाच नाही.

"वहिनी, उद्या चारला उठणारच आहात ना?"

"उठेन बहुतेक. का?"

"पीठ मी आज रात्री कुटून ठेवते. पहाटे तुमचे चार ते सात रिकामे. पलीकडे मंद दिवा लावून लाटायला काय हरकत आहे? तुमच्या सुनेच्या शास्त्रात बसतं. मी सहाला येते मदतीला."

"सहाला? मी चारपासून, आणि तुम्ही सहाला?"

"मी कुठे न्यूझीलंडला गेले होते?"

वहिनी हसल्या. कमरेवर हात ठेवून थोडा हिशेब केला. "बरं, आणा. पण काय ते उद्याच. परवा मला साडेपाचपर्यंत झोप लागणार, नंतर माझ्या भरवशावर राहू नका. किती आहेत?"

"माझे दोन किलो. आणि एक किलो नलूआत्यांचे, त्यांनीही विचारलं होतं."

"नलूआत्यांचे?" वहिनी जाता जाता वळल्या. "वीस हजारांची बातमी त्यांचीच ना? ठेवा, त्यांचंही पीठ ठेवा. फक्त वेगळ्या पातेल्यात ठेवा. त्यात तिखट किती घालायचं, ते माझं मी बघते."